हात पुरेल इतकीच भिंत

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात, शाळांना सुट्ट्या लागल्यावर, आम्ही सिंगापूरहून इराणातल्या यझद नावाच्या जुन्या शहरात पाच दिवस राहून आलो. सहा मराठी घरं, लहानमोठी धरून एकवीस माणसं. फोटो सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. मी लिहिते आहे, कारण फोटोंत जे आलं नाही ते कोणीतरी सांगायला हवं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इतिहास मी वाचलेला नाही. पण मातीच्या भिंती मी अर्धं आयुष्य लिंपल्या आहेत, आणि जुनं यझद सगळं मातीचं आहे.

आधी माणसं सांगते. सुनील माझा मुलगा. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. वर्षा सून, आन्वी नात, वय दहा. सहल ठरवली ती आमच्याच कॉन्डोतल्या अविनाशरावांनी. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांना इतिहासाची आवड आहे. कुठेही जाऊन आले की खालच्या फंक्शन रूममध्ये पडद्यावर फोटो दाखवून भाषण करतात, आणि बायका घरून बटाटेवडे करून आणतात.

निघायच्या आदल्या दिवशी सुनील माझ्या खोलीत आला. म्हणाला, "आई, पाच दिवस सगळे एकत्र असू. गावाकडचं काही काढू नकोस."

गावाकडचं म्हणजे काय, ते इथेच सांगते. आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. माझा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. सुनील शिकला, इथे आला, आडनाव गावाच्या नावावरून लावलं. बारा वर्षांत कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आन्वीलाही नाही. मला ते पटत नव्हतं, पण घर त्याचं, पोरगी त्याची. मी म्हटलं, बघू.

यझद, पहिला दिवस

विमानांचं काही लिहीत नाही. विमानात बसलं की सगळे देश सारखेच.

त्या देशात बाईला डोकं झाकावं लागतं. वर्षाचा रुमाल दर दहा पावलांनी घसरत होता आणि ती चिडत होती. माझा पदर सोळाव्या वर्षापासून डोक्यावर आहे, मला काही जड गेलं नाही. पण लांब बाह्यांची पोलकी शिवून घ्यावी लागली ती सिंगापुरात. मनगट दिसलं तर कोणाचं काय बिघडतं, असं मी गाईडला विचारायला सांगितलं. सुनीलने विचारलं नाही.

हॉटेल म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचं घर. एजंटने कागदावर लिहिलं होतं, 'ज्येष्ठांना सोयीचं'. एकेक पायरी माझ्या गुडघ्याएवढी. मी पहिल्या पायरीवर बसले आणि म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्याला बोलवा, त्याने मला वर न्यावं. मग खालची खोली मिळाली.

घराच्या दाराला दोन कड्या होत्या. एक जाड दांडा, तो पुरुषांनी वाजवायचा. एक बारीक कडं, ते बायकांचं. आवाजावरून आतल्याला कळावं की दार कोणी उघडायचं, बाईने की पुरुषाने. करीम नावाच्या आमच्या गाईडने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून आल्यावर मी दांडा वाजवला. आतून मॅनेजर धावत आला आणि दारात मला बघून थांबला.

आन्वी म्हणाली, "आजी, wrong one lah."

"बरोबर आहे. मला मॅनेजरच हवा होता. गरम पाणी येत नाही."

पहिल्या रात्रीच्या जेवणाला दगडी भांड्यात मटण आणि हरभरे आले. आधी रस्सा ओतून घ्यायचा, त्यात रोटी कुस्करायची, मग उरलेलं मटण दांडक्याने कुटून खायचं. आपल्याकडे असं खाणाऱ्याला हावरट म्हणतील, तिथे हीच पद्धत. झकास होतं. आमच्यातल्या चार घरांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

अविनाशरावांच्या बायको, मेधाताई, माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्हाला चालतं वाटतं हे सगळं?"

"चालतं. नळी उरली असेल तर इकडे द्या."

सुनील खाली मान घालून पाणी प्यायला.

मशीद आणि पाणी

दुसऱ्या दिवशी जुम्मा मशीद पाहिली. सहा-सातशे वर्षांची आहे म्हणतात. दरवाजा इतका उंच की टोक बघताना पदर पडला. त्यावर दोन मनोरे, आणि सगळीकडे निळ्या फरश्यांची नक्षी, एकीसारखी दुसरी नाही. असलं काम मी कुठे पाहिलं नाही. पण मला गाव जास्त आवडलं. मातीच्या विटा, वरून माती आणि भुसा मळून केलेला गिलावा. उन्हात भुशाचे कण चमकतात. मी भिंतीवर तळहात ठेवला, तर गिलावा चांगला आंबवलेल्या चिखलाचा होता. चार दिवस चिखल पायाने तुडवल्याशिवाय असा बसत नाही. हे मी वर्षाला सांगायला गेले आणि गप्प बसले. चिखल तुडवणं हे गावाकडचं.

घरांवर बादगीर असतात, म्हणजे वारा धरणारे चौकोनी मनोरे. वरच्या फटींतून वारा शिरतो आणि खालच्या खोलीत उतरतो. दौलताबाद नावाच्या बागेत सगळ्यांत उंच बादगीर आहे. नाव ऐकून सगळ्यांना आपलं देवगिरीचं दौलताबाद आठवलं आणि फोटो काढायची घाई झाली. मी त्या मनोऱ्याखाली उभी राहिले. डिसेंबरात कसली गरज, पण वारा खरोखरच अंगावर येतो. वीज नाही, यंत्र नाही. ज्याने केलं तो हुशार.

पाणी डोंगरातून जमिनीखालच्या भुयारांनी येतं. भुयारं खणणारी माणसं पांढरे कपडे घालून उतरायची. वरून माती कोसळली तर तेच कफन. करीमने हे सांगितलं तेव्हा सगळे हळहळले. मग आम्ही एक पाण्याचं टाकं पाहिलं. त्याच्या दारावर दगडात नाव कोरलं आहे. मी विचारलं, खणणाऱ्याचं का? नाही म्हणाला, बांधून घेणाऱ्याचं. खणणाऱ्यांची नावं कुठे आहेत, असं विचारल्यावर तो हसला.

मला हसू आलं नाही.

ठेंगणी गल्ली

तिसऱ्या दिवशी पारशांचा मोहल्ला. आपल्याकडचे पारशी आणि इराणी मूळचे याच मुलखातले. अग्यारीत काचेपलीकडे मोठ्या पात्रात विस्तव आहे, दीड हजार वर्षं विझलेला नाही असं सांगतात. तिथून चालत मागच्या गल्लीत गेलो. बोळ अरुंद, दारं वाकून जाण्याएवढी, आणि भिंती कमी उंचीच्या.

अविनाशराव एका भिंतीला टेकून सगळ्यांना सांगायला लागले. "हे बघा, इथे फरक दिसतो का? मुसलमान व्यापाऱ्यांची घरं उंच, बादगीर मोठाले. हा समाज मुळातच साधा. देखावा नको, म्हणून यांनी भिंती ठेंगण्या ठेवल्या. आपल्याला यांच्याकडून शिकण्यासारखं आहे."

मी त्या भिंतीकडे बघत होते. तिच्यात मध्येच आडवी रेघ होती. रेघेखाली माती काळपट, विटा झिजलेल्या, कोपरे गोल झालेले. रेघेवर माती पिवळी, भुसा जाडा, वीट वेगळ्या साच्यातली. सहा-सात थर नंतर चढवले होते. मी सुनीलला म्हटलं, हात वर कर. त्याला वाटलं मला काही काढून हवं आहे. त्याने हात वर केला. त्याची बोटं बरोबर त्या रेघेला लागली.

मी त्याला हात तसाच धरून ठेवायला सांगितला.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. आमचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. मला म्हणाली, "पुण्याचे काय तुम्ही? मी कॅम्पात होती. लग्न होईपर्यंत. बाबाची हॉटेल होती. मग इथे, आजाच्या घरी आली."

तिचं नाव गोहर. मराठी मोडकं, पण कळत होतं. चहाला चल म्हणाली. बाकीचे फोटोंत गुंतले होते, मी एकटी आत गेले. मधे लहान चौक, चारी बाजूंना चार ओटे. एक ओटा झाडून पुसून रिकामा ठेवलेला, तो देवाच्या कामाचा, तिथे कोणी बसत नाही. आम्ही दुसऱ्यावर बसलो. चहात खडीसाखरेची काडी घालून दिली.

मी म्हटलं, "तुमची भिंत दोन वेळा बांधली आहे."

"तुला कोणी सांगितला?"

"माती दोन रंगांची आहे."

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "खालची जुनी. त्या वेळी कायदा होता. मुसलमान माणूस रस्त्यात उभा राहील, हात वर करील, त्याचा हात टोकाला पोचला पाहिजे. त्याच्यावर एक वीट लावायची नाही. परवानगी मिळाली तेव्हा माझ्या आजाने वरची चढवली."

"आणि वाऱ्याचा मनोरा?"

"तो पण नाही. उन्हाळ्यात इथे माणूस भाजून निघतो. तरी आमच्या लोकांना वारा मना." तिने छताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे लहानसा बादगीर होता, कबुतरांच्या खुराड्याएवढा. "हा पण आजाने केला. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याखाली झोपले. म्हातारी माणसं पण."

मग ती बोटं मोजत सांगत गेली. घोड्यावर बसायचं नाही. छत्री धरायची नाही. रंगवलेलं कापड घालायचं नाही. पाऊस पडला तर घराबाहेर पडायचं नाही, आपल्या अंगावरचं पाणी दुसऱ्याला लागून तो बाटेल. ती एक सांगे आणि माझ्याकडे त्याच्या जोडीचं एक तयार असे. शेवटी माझ्याने राहवलं नाही.

"आमच्याकडे चपला," मी म्हटलं. "गावातून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या."

"तू पण?"

"मी पण. शाळेत जाताना."

"तुझ्या पोराला ठाऊक आहे?"

"त्याला आहे. नातीला नाही."

"माझी नात कॅनडात आहे," गोहर म्हणाली. "तिने शाळेत बादगीरचं चित्र काढलं. हुशार लोकांची घरं, असं खाली लिहिलं. मी फोनवर सांगितलं, बाई, ते आमचं नव्हतं. तिला वाटतं मी विसरते."

चहा संपवून मी बाहेर आले, तर अविनाशराव अजून तिथेच. साधेपणा चालूच होता. मी गोहरने सांगितलेलं जसंच्या तसं त्यांना सांगितलं.

ते गोड बोलले. त्यांचं बोलणं नेहमी गोडच असतं. "आजी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोलाच्या असतात. पण इतिहासाला पुरावा लागतो."

"तुम्ही पुराव्यालाच टेकला आहात. मागे वळून बघा."

त्यांनी वळून बघितलं, कोटाला लागलेली माती झटकली. मी सुनीलला म्हटलं, त्या करीमला विचार. सुनीलने नाइलाजाने विचारलं. करीम हळू म्हणाला, बाई खरं सांगते आहे, आमच्या पुस्तकांतही आहे.

"मग तू तोंड का उघडलं नाहीस?"

सुनीलने हे जरा मऊ करून विचारलं असावं. करीम म्हणाला, "पाहुणे वाऱ्याचं विचारतात. भिंतीचं कोणी विचारत नाही."

"असेल, असेल," अविनाशराव म्हणाले. "दोन्ही बाजू असतात." आणि त्यांनी त्या रेघेसकट भिंतीचा फोटो घेतला.

माझा संताप कशाचा, ते नीट लिहिते. जुने लोक वाईट वागले, ते मेले. करीमला पोट आहे, त्याचंही मी समजू शकते. पण जबरदस्तीने ठेंगणं ठेवलेल्या माणसाला तुमचा स्वभावच साधा म्हणायचं, वर त्याचं कौतुक करायचं, आणि तेही चांगल्या मनाने, हे मला सहन होत नाही. आमच्या वस्तीलाही शाळेचे मास्तर म्हणायचे, तुम्ही लोक थोडक्यात समाधानी. आम्हाला दुसरं काही मिळतच नव्हतं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या चौकात सुनील माझ्याजवळ येऊन बसला. तिथे चौकात लाकडी पलंग मांडलेले असतात, त्यावर गालिचा. टोपलीत डाळिंबं होती. मी सोलत होते.

"आई, तू एवढी का चिडलीस, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागणार नाही."

"येऊ दे."

"माझं काय होईल याचा विचार कर. कोणी तोंडावर काही बोलणार नाही. फक्त बोलावणं कमी होईल. आन्वीला वाढदिवसाला बोलावणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत. मला पुण्यात होस्टेलवर झालंय ते. परत नको."

होस्टेलवर काय झालं, ते त्याने मला तेव्हाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, जाऊ दे. माझी बोटं डाळिंबाने लाल झाली होती. मी म्हटलं, "गोहरबाईचं मी सांगणार. ते तिने मला सांगितलंय. आपलं नाही सांगणार. शब्द दिला."

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही बरंच बघितलं. गावाबाहेरच्या टेकड्यांवर पारशांचे जुने बुरूज आहेत, जिथे मृतदेह ठेवायचे. तिथे लोक सेल्फी काढत होते आणि खाली पोरं मोटारसायकली फिरवत होती. आमच्यातल्या एकाने तिथे वेफरचा पुडा फोडला. मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि गाडीत बसेपर्यंत दिला नाही. मिठाई मात्र चांगली असते त्या गावची. बदामाची, वेलदोड्याची, आणि आपण म्हातारीचे केस म्हणतो तसली, पण पांढरी. आन्वीने तीन डबे घेतले.

जुरोंग ईस्ट

परत जुरोंग ईस्टला, आमच्या कॉन्डोत आल्यावर तिसऱ्या रविवारी फंक्शन रूममध्ये भाषण ठेवलं. चाळीसेक माणसं आली. बटाटेवडे झाकून ठेवले होते. मी दुसऱ्या रांगेत बसले, आन्वी मैत्रिणींबरोबर पहिल्या रांगेत, सुनील मागे भिंतीशी उभा. मशीद झाली, बादगीर झाले, भुयारं झाली. चांगलं बोलतो माणूस, उगाच खोटं सांगणार नाही.

मग पडद्यावर ती भिंत आली. रेघ स्पष्ट दिसत होती. खाली मराठीत लिहिलं होतं, 'साधेपणाची वास्तुकला'.

मी उठले. गोहरचं नाव सांगितलं, तिच्या आजाचं सांगितलं, रेघ कुठे आहे ते पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवलं. छत्री, घोडा, वारा, सगळं सांगितलं. करीम काय म्हणाला तेही सांगितलं. म्हटलं, हे खालचं वाक्य खोटं आहे, ते पुसा.

कोणीतरी खुर्ची सरकवली. अविनाशराव हसले, आणि त्याच गोड आवाजात म्हणाले, "पुसू की. पण आजी, ती भिंत पारशांची, गाव इराणातलं. तुम्हाला हे इतकं का लागलंय, ते एकदा सांगा तरी सगळ्यांना."

लोक हसले. वाईट नव्हतं हसणं. म्हातारीची गंमत.

उत्तर माझ्या तोंडात होतं. मी सुनीलकडे पाहिलं. शब्द दिला होता. मी तोंड मिटलं आणि पडद्यासमोर तशीच उभी राहिले. त्या उजेडात माझी सावली त्या भिंतीवर पडली होती, म्हणून कोणीतरी म्हणालं, आजी, जरा बाजूला होता का. मी झाले नाही.

मागून सुनीलचा आवाज आला. "मी सांगतो. तिने मला शब्द दिलाय, म्हणून ती बोलत नाहीये."

वर्षाने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो खुर्च्यांच्या मधून पुढे आला. म्हणाला, "आमचं घर गावाबाहेर होतं. गावाबाहेर म्हणजे कुठे, ते तुम्हाला कळलं असेल. माझ्या आजोबांनी घरावर माळा चढवला होता. गावातल्या लोकांनी येऊन तो पाडला. का, तर—"

"माळा नाही," मी म्हटलं. "कौलं. गवताचं छप्पर काढून कौलं घातली होती. आणि लोकांनी पाडली नाहीत. माझ्या बापाला शिडीवर चढवलं आणि त्याच्याच हाताने एकेक उतरवायला लावली. मी खाली उभी राहून झेलत होते. सांगायचं तर नीट सांग."

आन्वीने खुर्ची फिरवली होती. मैत्रिणीने तिला काही विचारलं, तर तिने हाताने गप्प केलं. पडद्यावर भिंत तशीच होती. अविनाशरावांनी पुढचा फोटो लावला नाही.

सुनील पहिल्यापासून सांगायला लागला. मधे दोनदा चुकला. दोन्ही वेळा मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं.